आतून पुसलेली मोटार

१

आक्षीच्या कोळीवाड्यात सकाळचे दोन आवाज ठरलेले असत. एक बंदराला लागणाऱ्या होड्यांवरच्या खलाशांचा आरडाओरडा आणि दुसरा नीराबाईच्या अंगणातल्या बादलीच्या कडीचा. पहिल्या आवाजाला कुणी नावं ठेवत नसे. दुसऱ्याला नावं ठेवायला मात्र अख्खा वाडा उठून बसलेला असे. कोळणीनं सकाळच्या पहारी म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घ्यावी की मोटारीला अंघोळ घालावी? नीराबाई दोन्ही करायची, आणि मोटार आधी.

मोटार काळी, विलायती होती, अलिबागच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वापरून सोडलेली. नीराबाईच्या नवऱ्यानं, गुणाजीनं, मासेमारी सोडली तेव्हा ती घेतली आणि अलिबाग-रेवदंड्याची भाडी मारायला सुरुवात केली. ही गोष्ट छप्पन सालातली. त्या रस्त्यावर तेव्हा एसटी आली तर आली, नाहीतर बैलगाडी होतीच. गुणाजीचं बरं चाललं. हौसेनं त्यानं बायकोलाही ओहोटीच्या घट्ट वाळूत मोटार चालवायला शिकवलं. त्याच्या मनात थट्टाच होती. पण नीराबाईला थट्टा अर्धी सोडायची सवय नव्हती. ती अलिबागला जाऊन साहेबासमोर मोटार पुढे-मागे घेऊन आली आणि चालवायचा परवाना पदराला बांधून घरी परतली. वाड्यानं तोंडात बोटं घातली. तिनं ती खुशाल घालू दिली.

मग गेल्या मार्गशीर्षात गुणाजीच्या थोरल्या भावाच्या, येसाजीच्या, होडीवर एक माणूस कमी पडला. एका दिवसाचंच काम म्हणून गुणाजी गेला. होडी परत आली, गुणाजी आला नाही. देहही मिळाला नाही. वाड्यानं दर्भाचा माणूस करून क्रियाकर्म उरकलं, नीराबाईचं कुंकू पुसलं, आणि मग सगळे मोटारीकडे पाहू लागले.

येसाजीनं वाड्यासमोर सांगून टाकलं, "बाईमानसानं मोटार ठेवून काय करायचं? नागावच्या विठोबाच्या पोरीचं लगीन हाय वैशाखात. नवरीला चौलला न्यायचं भाडं गुणानं घेतलंय. ते तुझ्या हातनं झालं तर मोटार तुझी. न्हायतर ती माझ्या अंगनात येल." येसाजीला खात्री होती की नवरीच्या मोटारीचं चाक विधवेच्या हाती कुणी देणार नाही. नीराबाईनं फक्त "बरं" म्हटलं. तिच्या "बरं"ची ज्यांना ओळख होती ते त्या दिवसापासून जरा सांभाळून राहिले.

लग्नाची मोटार आरशासारखी दिसली पाहिजे. खाऱ्या वाऱ्यात तसं ठेवणं म्हणजे वैतागच. रात्रभरात पत्र्यावर खाराचा पातळ थर बसतो. तो कोरडा पुसला तर वाळूनं घासल्यासारखे ओरखडे उठतात, हे ती ठेचा खाऊन शिकली होती. म्हणून आधी नुसतं पाणी, तेही वाडीतल्या गोड्या विहिरीचं, छतापासून खाली. मग रिठ्याचा फेस, पुन्हा नितळ पाणी, आणि जुन्या मऊ लुगड्यानं टिपून घेणं. सगळं अंगणातल्या उंडीच्या झाडाच्या सावलीत, कारण उन्हात फेस वाळून डाग धरतो. मेण घरचंच. पोळ्याचं मेण वितळवून विस्तवापासून लांब न्यायचं, त्यात टर्पेंटाइन घालायचं आणि थिजू द्यायचं. पातळसं लावायचं, पांढुरकं झालं की घासायचं. जमलं की नाही हे पाणी सांगतं. वर थेंब टाकले की अळूच्या पानावर फिरतात तसे फिरायला हवेत.

नीराबाईचा हात गोल फिरे. जन्मभर टोप आणि तवे घासलेला हात, तो दुसरा कसा फिरणार? गुणाजीचा हात मात्र सरळ जाई. होडीला तेल लावतात तसा तो मोटार पुसायचा, मागून पुढे, लांब, एका दमात, फळीच्या रेषेनं. मोटारीला फळ्या नसतात हे त्याला सांगून उपयोग नव्हता. बॉनेटला तो नाळ म्हणायचा, होडीचं पुढचं टोक म्हणतात तसं. मेणात तर तो होडीला लावायचं मुशी माशाचं उग्र वासाचं तेलच मिसळायचा. पत्रा गंजला नाही, पण अलिबागचे वकील नाकाला रुमाल लावून बसू लागले. शेवटी नीराबाईनं भांडून ते तेल बंद केलं होतं.

वैशाखातल्या त्या सकाळी ऊन उंडीखालून तिरकं आलं आणि डिकीवर पडलं. तिरक्या उन्हात मेण घासलेल्या हाताची बारीक वलयं दिसतात. छतावर तिची वलयं होती. दारांवर होती. डिकीवर नव्हती. डिकीवर रेषा होत्या, मागून पुढे, लांब, एका दमात ओढलेल्या.

२

नीराबाई हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. मग तिला स्वतःचाच राग आला. रेषा म्हणजे काही मेलेलं माणूस नव्हे. कुणीतरी हात फिरवला असेल, त्यात काय? तिनं डिकी पुन्हा धुतली, पुन्हा मेण लावलं, गोल घासलं. दुसऱ्या सकाळी डिकीवर रेषा होत्या आणि त्यांच्या जोडीला मागच्या दोन्ही मडगार्डांवरही.

पायरीवर सासू बसली होती. मनुबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिला उजेड आणि सावली एवढंच कळे. तरी कान आणि जीभ शाबूत होती.

"आये, मोटारीला हात लावलात?" नीराबाईनं विचारलं.

"मना दिवस उगावलेला दिसत न्हाय, तुझी मोटार कवा दिसायची?" म्हातारी म्हणाली. "का गं? काय झालं?"

"कोन तरी पुसतंय. माझ्यासारखं न्हाय. लांब, सरळ."

मनुबाईचा पान कुटायचा खलबत्ता थांबला. "मागनं चालू केलंय?"

"व्हय."

"आन पुढं सरकतंय?"

नीराबाईनं मडगार्डांकडे पाहिलं. म्हातारी खलबत्त्यातलं पान बोटानं चाचपत राहिली. मग म्हणाली, "व्हडीला तसंच लावतात. पिछाडीपासनं घ्यायचं, नाळ शेवटी. आन नाळेला तेल लागलं का व्हडी पुळनीवर ठेवत न्हाय. त्याच भरतीला ती पान्यात जाते. आपल्या घरात पैल्यापासनं हाय ते."

"ही व्हडी न्हाय, आये."

"तुझ्यासाठी न्हाय," मनुबाई म्हणाली आणि पुन्हा पान कुटू लागली.

नीराबाईला त्या म्हाताऱ्या बाईचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्ही न करता तिनं बादली उचलली. हे दिवस काही होड्यांना तेल लावायचे नव्हेत, असं तिनं मनाशी म्हटलं. होड्यांना तेल श्रावणात, नारळी पुनवेच्या आधी. वैशाखात कोण लावतं? हा येसाजीच असणार. अंधारात येऊन पुसून जातो आणि बाईला घाबरवून मोटार घेऊ पाहतो. हे पटण्यासारखं होतं. तिनं ते स्वतःला पटवलंही. मात्र येसाजीला मोटार पुसताना कल्पनेत पाहिलं की तिचं तिलाच हसू येई, आणि हसू ओसरलं की मागे काहीतरी गार उरे.

३

तिनं उपाय केला. घरात जुन्या शिडाचं जाड कापड होतं. दुपारी मोटार धुवून, मेण लावून, तिनं ते कापड वरून खाली जमिनीपर्यंत ओढलं आणि काथ्याच्या दोरीनं चाकांच्या खालून घट्ट आवळलं. गाठी तिच्या बापाच्या पद्धतीच्या मारल्या. तो साखर गावचा कोळी, त्याच्या गाठी सोडायला येसाजीच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. भोवताली पुळणीची कोरडी रेती पसरली आणि झाडूनं ओळीनं सारखी केली.

सकाळी रेतीवर झाडूच्या ओळी जशाच्या तशा होत्या. एक मांजरदेखील त्यांच्यावरून गेलं नव्हतं. गाठी तिच्या तिलाच सोडवेनात, विळी आणावी लागली. तिनं कापड ओढून काढलं आणि मागच्या दारांवर ऊन पडू दिलं.

दारांवर रेषा होत्या.

आणि वास होता. आधी तिला वाटलं, बंदरावरून येतोय. मग तिनं दाराच्या पत्र्याजवळ नाक नेलं. मुशीचं तेल. या अंगणातून तिनं ते कधीच हद्दपार केलेलं होतं. डबा तिनं स्वतः खाडीत रिकामा केला होता.

"बरं," नीराबाई मोठ्यानं म्हणाली, अंगणात कुणी नव्हतं तरी. तिनं फडकं घेतलं आणि दार घासायला लागली. मेणाची वलयं उठली, तिची, गोल. तिनं त्यावर पाणी मारलं आणि वाकून पाहिलं. वलयं वर होती. रेषाही होत्या. त्या गेल्या नव्हत्या. आणखी जोर लावला, नखानं खरवडलं, रिठा चोळला. रेषा तिथेच, तशाच, वलयांच्या खाली.

काच पुसताना असं होतं. आपण घासत राहतो, डाग जात नाही, आणि मग लक्षात येतं की तो पलीकडच्या बाजूला आहे. नीराबाईचं बोट पत्र्यावर थांबलं. तिनं दार उघडून आतून पाहिलं. आत दाराला डॉक्टरांच्या वेळचं चामड्याचं अस्तर होतं, कोरडं, साधं, रेषा नसलेलं. या पत्र्याला दोनच बाजू होत्या आणि दोन्ही तिनं पाहिल्या होत्या. तरी पुसणारा हात या चकाकीच्या आतल्या बाजूला होता.

तिला मागे सरावंसं वाटलं. ती सरली नाही. ती मोटारीच्या फूटबोर्डवर बसली आणि तिला फार, फार राग आला. भीतीपेक्षा राग मोठा निघाला याचं तिला स्वतःलाच बरं वाटलं.

४

लग्नाच्या आदल्या दिवशी येसाजी स्वतः आला. तोवर पुढची दारं आणि पुढची मडगार्डंही होऊन गेली होती. उरलं होतं ते बॉनेट. येसाजी मोठा ताठ माणूस, होडीवर त्याच्या एका हाकेला खलाशी उभे राहत. तो मोटारीभोवती फिरला. मग त्यानं मागच्या मडगार्डवर तळहात ठेवला, सरळ पुढे नेला आणि हात नाकाशी धरला.

"हे कोनी लावलं?"

"तुमी सांगा, भाऊजी," नीराबाई म्हणाली. "मना वाटलं, तुमीच येतायसा."

येसाजीनं हात लुंगीला पुसला. पुन्हा पुसला. "वाड्यावर बोलतायत. गुणा मोटार मागतंय म्हनून. मना खोटं वाटलं." त्याचा आवाज खाली गेला. "त्याचाच हात हाय हा. व्हडीवर त्याच्या पुढं मी पुसत जायचो, तो मागनं यायचा. मना ठाव हाय हा हात."

"मंग?"

"मंग काय? नाळ ऱ्हायलीय. आज सांजच्या भरतीला लोटून देऊ. वाड्यावरची मानसं लावतो मी. ज्याची हाय त्याला मिळू दे. न्हाय दिली तर तो ती घेऊन जाईल, आन जाताना मोटारीत जो बसला असंल त्यालाबी." त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "मोटार मना नको, नीरा. सोन्याची झाली तरी नको. पन तू त्या चाकाशी बसू नको."

तो खरंच घाबरलेला होता आणि थोडा तिच्यासाठीही घाबरलेला होता. हे नीराबाईला दिसलं. त्यानंच ती जास्त भडकली.

"भाऊजी, तुमच्या व्हडीवर मानूस कमी पडला तवा मना इचारलंत? एक दिवस, म्हनालात. मी दारात उभी होती, माझ्यासमोरनं नेलात. आता मोटार नेतायसा. उद्या काय न्याल, चूल? घरातलं एकेक उचलून समुद्राला द्यायला मी काय त्याचं देनं लागते?"

"नीरा, तो नवरा हाय तुझा."

"व्हय. म्हनूनच त्याच्याशी मी बोलंन. तुमी मधी पडू नका."

येसाजी पायरीवरच्या आईकडे वळला. मनुबाईनं ऐकलेलं होतं. ती फक्त म्हणाली, "येसा, घरी जा." तो गेला. जाताना त्यानं मोटारीपासून जरा लांबून वळण घेतलं.

नीराबाई आत जाऊन फडकी उकळायला बसली. उद्यासाठी स्वच्छ फडकी लागणार होती. बॉनेट तसंच ठेवलं तर निभावलं असतं का? तिनं विचार केला. खार बसलेलं, फिकट पडलेलं बॉनेट घेऊन नागावला गेलं की विठोबाच्या घरची माणसं म्हणणार, विधवेची मोटार, असायचीच अशी. भाडं गेलं की मोटार गेली. मोटार गेली की येसाजीच्या चुलीपाशी उरलेला जन्म, त्याच्या बायकोचं तोंड पाहत. नाही. बॉनेटला मेण लागणारच होतं. प्रश्न फक्त कुणाच्या हातनं, एवढाच होता.

५

लग्नाच्या सकाळी ती उजाडायची वाट पाहत बसली नाही आणि अंधारातही गेली नाही. कोंबडं आरवून गेलं, पूर्वेला उजेड नीट आला, माणसाचा चेहरा माणसाला ओळखू यायला लागला, तेव्हा ती बाहेर पडली. जे काही होणार ते उजेडात होऊ दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बॉनेट अजून कोरं होतं. रात्रीचा खार त्यावर पांढरट बसलेला. तिनं गोडं पाणी ओतलं, रिठा लावला, धुतलं, टिपलं. काळा पत्रा खोल दिसायला लागला, वर आभाळ आणि उंडीच्या फांद्या. मनुबाई केव्हाची पायरीवर येऊन बसली होती, हातात काही न घेता.

नीराबाईनं मेण लावलं. ते पांढुरकं झालं. तिनं स्वच्छ फडकं घेऊन हात ठेवला आणि गोल फिरवायला सुरुवात केली.

हात गोल गेला नाही. फडकं सरळ पुढे ओढलं गेलं.

जोर फार नव्हता. भरती लागताना पायाखालची वाळू सरकते तेवढाच. पण तो थांबत नव्हता. तळहाताखाली, पत्र्याच्या पलीकडून, काहीतरी तिच्याच हाताबरोबर सरकत होतं, अगदी लागून, गार, आणि त्याला कुठे जायचं ते पक्कं ठाऊक होतं. नीराबाईनं दोन्ही हात लावले. हात गोल वळवला. तो सरळ गेला. पुन्हा वळवला. खांदे भरून आले, दात आवळले गेले. तिच्या तोंडून शिवी निघाली, बंदरावर देतात तशी, मनुबाईच्या देखत.

फडक्याखालून पत्रा उघडा पडत गेला, आणि चकाकीत तिला आपला चेहरा दिसला. त्याच्या खाली आणखी कुणीतरी होतं. तोंड दिसत नव्हतं. दिसत होती ती एक पाठ, उघडी, वाकलेली, काम करणाऱ्या माणसाची, मान खाली घातलेली. ती पाठ तिच्या हाताबरोबर पुढे सरकत होती. मन लावून पुसत होती. आपल्याला कुणी पाहतंय याची तिला पर्वाच नव्हती.

"अवो," नीराबाई म्हणाली. आयुष्यभर त्याला तशीच हाक मारली होती. पाठ थांबली नाही.

मग ती ओरडली. "गुणाजी!"

नवऱ्याचं नाव तिनं कधी उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. ते असं भर अंगणात, रागानं, पहिल्यांदा बाहेर आलं. पायरीवर मनुबाईनं छातीला हात लावला. चकाकीतली पाठ थांबली.

"ऐक आता," नीराबाई म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात मोकळे नव्हते. "एक दिवस म्हनून गेलास. मी तुझ्यासाठी किती रडली, ते तू बघितलं न्हाय, ते समुद्रानं बघितलं. मना तू पायजे व्हतास. अजून पायजे हायस. पन तू गेलास तिथं मी येनार न्हाय, आन ही मोटारबी येनार न्हाय. नाळेला लागलं का बाहेर पडायचं, मना ठाव हाय तुमच्या घरचं. पडते मी. आत्ताच पडते. पन रस्त्यानं. तुला यायचं असंल तर ये. मागं बस. चालवनार मी."

फडक्यावरचा जोर तसाच होता. आत, चकाकीत, पाठ हळूहळू सरळ व्हायला लागली. खांदे उचलले गेले. मान वर येऊ लागली. नीराबाईनं डोळे मिटले नाहीत. जे दिसेल ते पाहायचं, असं तिनं ठरवलं होतं, आणि तोंड अर्धं वळलेलं तिला दिसलंही, एक कान, एक गाल, आणि त्या गालात जे होतं ते तिनं पुढे आयुष्यात कुणालाही सांगितलं नाही.

मग हाताखालचं फडकं एकाएकी सैल पडलं. ती बॉनेटवर पुढे कोसळता कोसळता राहिली. पत्र्यात उंडी होती, आभाळ होतं, आणि तिचं स्वतःचं घामानं भिजलेलं तोंड. तिनं हात फिरवला. तो गोल फिरला. ती भराभर घासत सुटली आणि सगळं बॉनेट तिनं आपल्या हातानं पुरं केलं.

शेवटचा हात फिरवून ती उभी राहिली, तेव्हा मागे स्प्रिंगा करकरल्या. मोटार पिछाडीला दबली, एखादं अंगानं भरलेलं माणूस आत येऊन टेकावं तशी. दार उघडलं नव्हतं, लागलंही नव्हतं.

मनुबाईनं पायरीवरूनच मान वळवली. "नीरा," तिनं अगदी हळू विचारलं, "भाडं आलं का गं?"

"आलं," नीराबाई म्हणाली आणि हात धुवायला विहिरीवर गेली.

६

आक्षीहून नागावला जाताना उजव्या हाताला समुद्र. वाड्यांच्या मधून पुळणीकडे उतरणारे बोळ जागोजागी. प्रत्येक बोळाशी चाक उजवीकडे जड होई. नीराबाईनं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मागचं दाखवणारा आरसा तिनं निघतानाच छताकडे फिरवून टाकला होता. घाबरून नव्हे, असं ती स्वतःला सांगत होती. चालवणाऱ्यानं पुढे पाहावं, इतकंच. एका बोळाशी चाक फारच ओढायला लागलं तेव्हा ती मागे न पाहता म्हणाली, "गप बस." चाक हलकं झालं.

रस्त्याकडेच्या बायका मोटारीकडे पाहत. काळा पत्रा उन्हात असा चमकत होता की वाडीतल्या सुपाऱ्या त्यात मोजून घ्याव्यात. कुणी हात वर करी, आणि मोटार पुढे गेली की तो हात तसाच वर राही.

विठोबाच्या दारात मांडव होता, ताशा वाजत होता. नवरी, कमळ, पिवळं लुगडं नेसून ओटीवर बसली होती, भीतीनं आणि आनंदानं अर्धी. मोटार थांबली. पोरं धावली, पत्र्यात तोंडं पाहायला लागली. विठोबाचा चेहरा खुलला. पण नवरीची आत्या, सगुणा, वाटेतच उभी राहिली. तिनं नीराबाईच्या कपाळाकडे पाहिलं आणि आवाज चढवला.

"इठोबा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? पांढऱ्या कपाळाची बाई आपल्या पोरीला लग्नाला नेनार? हिचा घरधनी समुद्रानं नेलेला, आन ही चाकाशी बसून आलीय! अशी मोटार मना नको. पोर बैलगाडीनं जाईल."

ताशेवाल्यांचे हात थांबले. विठोबा कधी बहिणीकडे पाही, कधी मोटारीकडे. नीराबाईला कळलं की इथंच, या दारात, मोटार तिची राहणार किंवा जाणार. ती खाली उतरली नाही. चाकावरचे हातही काढले नाहीत.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मागलं दार उघडा आन बघा. मंग बोला."

सगुणा तणतणत आली. तिनं दाराची मूठ खाली केली, दार उघडलं आणि आत वाकली. आत काय आहे ते पाहायला तिचे डोळे सावलीला सरावले असतील तेवढा वेळ गेला. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग तिचा हात नकळत वर गेला आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढे कपाळापर्यंत ओढून घेतला, परक्या घरच्या पुरुषासमोर घेतात तसा. नजर खाली घातली. एक पाऊल मागे आली. दार तिनं आपटलं नाही. आतल्याला धक्का लागू नये अशा बेतानं, दोन्ही हातांनी, हळूच लावून घेतलं. मुठीवरून उतरलेल्या तिच्या बोटांतून पाणी गळत होतं.

"काय गं आक्का?" विठोबानं विचारलं. "काय हाय आत?"

"काय न्हाय." सगुणाचा आवाज तिचा राहिला नव्हता. "पोरीला पुढं बसव. मागं मोटारीचा मालक बसलाय."

"मालक न्हाय," नीराबाई म्हणाली. तिनं पुढच्या सीटवर हात थोपटून कमळला जवळ बोलावलं. "मालक मी हाय. ते भाडं हाय."

कमळ येऊन तिच्या शेजारी बसली. नीराबाईनं गिअर टाकला आणि मोटार चौलच्या रस्त्याला लावली.